मैत्रिणीचे मूल आपल्या मुलाला दुखावते तेव्हा

पोरांची भांडणे पोरांतच मिटतात, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. सकाळी एकमेकांच्या झिंज्या ओढणारी मुले दुपारी एकाच ताटात जेवताना प्रत्येक आईने पाहिलेली असतात. म्हणून मोठ्यांनी मध्ये पडू नये, हा सल्ला बहुतेक वेळा बरोबरच ठरतो. पण काही वेळा भांडण मिटत नाही, कारण ते भांडण नसतेच. एक मूल बोलत असते आणि दुसरे सोसत असते. त्यातून सोसणारे मूल आपले असेल आणि बोलणारे मूल जिवाभावाच्या मैत्रिणीचे असेल, तर आईची मोठी कोंडी होते. सांगताही येत नाही आणि गिळताही येत नाही.

गल्लीतल्या मुलाने आपल्या मुलाला छळले तर आपण त्याच्या दारात जाऊन उभ्या राहतो. शाळेतल्या मुलाने छळले तर वर्गशिक्षिकेला भेटतो. मैत्रिणीच्या मुलाबाबत मात्र जीभ उचलत नाही. जिच्याबरोबर वसतिगृहाच्या एका खोलीत दिवस काढले, जिने बाळंतपणात डबे आणून दिले, तिला ‘तुझा मुलगा माझ्या मुलीला छळतो’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? मग बहुतेक भगिनी मैत्रिणीला काही सांगत नाहीत. आपल्याच लेकराला सांगतात, “जाऊ दे, मावशीचा मुलगा आहे.”

आमचे म्हणणे असे आहे की, मैत्री टिकवण्यासाठी मुलाला गप्प बसवू नये. त्याने मूल तर खचतेच, पण मैत्रीही आतून पोखरली जाते. मैत्रिणीला वेळेवर, एकांतात आणि खरे ते सांगणे हेच मैत्रीचे काम आहे. आपला धम्मही तेच सांगतो.

भांडण कोणते, छळ कोणता?

आधी दोन्हींतला फरक ओळखावा. भांडणात दोन्हीकडून आरडाओरडा असतो. आज हा रडतो, उद्या तो रडतो. बॅट, सायकल, खेळातली पाळी असे काही तरी कारण असते आणि कारण संपले की भांडणही संपते. छळात रडणारे मूल दर वेळी तेच असते. तिथे वेगळ्या कारणाची गरज नसते. त्या मुलाचा रंग, त्याचे बोबडे बोलणे, त्याचे घर, त्याची शाळा हेच कारण होते. मोठे माणूस खोलीत आले की बोलणारे मूल हसू लागते आणि सोसणारे मूल खाली बघू लागते.

असे मूल सहसा तोंडाने सांगत नाही. त्या घरी जायचे म्हटले की त्याचे पोट दुखते. आवडता कपडा एकाएकी नको होतो. जेवण कमी होते, रात्री दचकून उठणे सुरू होते. कधी ते आपल्या धाकट्या भावंडाला तेच शब्द ऐकवते, जे त्याला कोणी तरी ऐकवलेले असतात. अशा खुणा दोन-तीन आठवडे दिसत राहिल्या तर आईने एका वहीत तारीख, जागा आणि नेमके शब्द टिपून ठेवावेत. फिर्याद तयार करण्यासाठी हे करायचे नाही. राग आला की आपल्याला एकाचे दहा दिसू लागतात. वही समोर असली की आपले डोके ठिकाणावर राहते.

मुलाला विचारतानाही धीर धरावा. “त्याने तुला त्रास दिला का?” असे थेट विचारले की मूल ‘नाही’ म्हणून मोकळे होते. त्याऐवजी वेणी घालताना, भाकरी थापताना सहज विचारावे, “आज काय काय खेळलात? कोण कोण होते? मग तू काय केलेस?” समोर बसवून उलटतपासणी घेतली की मुलाला वाटते, चूक आपलीच झाली.

आपल्या घरांत हा प्रश्न कसा येतो?

मैत्री ही आपल्या समाजाने कष्टाने उभी केलेली पुंजी आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. तेव्हापासून खेड्यापाड्यांतली किती तरी मुले-मुली वसतिगृहांत राहून शिकली. एकीची पुस्तके दुसरीने वाचली, एकीच्या घरून आलेली चटणी चौघींनी खाल्ली. गावचे नातेवाईक दूर असताना या मैत्रिणीच बहिणी झाल्या. म्हणून आपली मुले आईच्या मैत्रिणीला ‘मावशी’ म्हणतात, आणि ते खरेच असते.

पुढे एकीला नोकरी लागली. ती कॉलनीत राहायला गेली, मुले इंग्रजी माध्यमात गेली. दुसरी वस्तीतच राहिली, तिची मुले नगरपालिकेच्या शाळेत गेली. दोघींची माया तीच राहिली, कारण दोघींना मूळ ठाऊक होते. मुलांना मात्र ते ठाऊक नसते. ती दोन वेगळ्या घरांत जन्मलेली असतात. एकाच्या घरी फ्रिज आणि बेसिन असते, दुसऱ्याच्या घरी बाहेरचा नळ असतो. हा फरक कशामुळे पडला, हे कोणी मुलाला समजावून सांगत नाही. मग ते आपल्या परीने अर्थ लावते की आम्ही वरचे आणि हे खालचे.

वरचे-खालचे या शब्दांनी आपल्या समाजाचे काय केले, हे इथे वेगळे सांगायला नको. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तहान लागली तरी शिपाई नळ उघडून देईल तेव्हाच पाणी मिळे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून वर्गातली मुले धावली आणि त्यांनी डबे बाजूला केले. ही हकिगत धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदवली आहे. ती मुलेच होती. त्यांना हे कोणी शिकवले? घराने शिकवले. मुलाच्या तोंडचा तुच्छतेचा शब्द बहुधा उसना असतो, कुठल्या तरी मोठ्या माणसाकडून आलेला असतो. आपल्या घरातले मूल आपल्याच माणसाच्या मुलाला ‘वस्तीवाली’ म्हणून हिणवत असेल, तर तो शब्द कुठून आला याचा शोध घेणे हे पोरांच्या भांडणापेक्षा मोठे काम आहे.

दोन घरांची हकिगत

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची ही गोष्ट. नावे सांगण्याचे कारण नाही. दोघी वसतिगृहापासूनच्या मैत्रिणी. एकीचे पती बँकेत, घर कॉलनीत. दुसरी अंगणवाडी सेविका, घर वस्तीत. रविवारी विहारात वंदना झाली की कॉलनीतल्या घरी चहा व्हायचा. आयांच्या गप्पा चालायच्या, मुले अंगणात खेळायची. कॉलनीतल्या मैत्रिणीचा मुलगा दहा वर्षांचा, सेविकेची मुलगी आठ वर्षांची.

मुलगा तिला सायकलला हात लावू देत नसे. “आधी हात धुऊन ये,” म्हणत असे. इतर मुलांसमोर तिला नावाने हाक न मारता ‘वस्तीवाली’ म्हणत असे. एका रविवारी ती नवा फ्रॉक घालून आली, तर त्याने चारचौघांत सांगितले, “हा माझ्या ताईचा जुना आहे.” ते खरेच होते. मावशीने तो फ्रॉक मायेने दिला होता. पण त्या दिवसापासून मुलीने तो अंगाला लावला नाही. पुढच्या रविवारपासून वंदनेच्या वेळी तिचे पोट दुखू लागले आणि महिनाभरात तिचे विहारात येणेच बंद झाले.

आईने कारण शोधून काढले. वडील म्हणाले, “काही बोलू नकोस. दवाखान्याच्या वेळी त्यांनीच पैसे दिले होते.” हे ओझेही लहान नव्हते. तिने आठवडाभर विचार केला. मग मुले शाळेत असताना, मधल्या वारी, ती एकटीच मैत्रिणीकडे गेली. म्हणाली, “अगं, तुला एक सांगायचंय. अजून घराबाहेर कोणाला बोलले नाही. पोरगी विहारात यायची बंद झालीय, ते तुझ्या मुलाच्या बोलण्यानं झालंय.” आणि तिने तीन प्रसंग, जसे घडले तसे, सांगितले.

मैत्रिणीला ते आवडले नाही. “अगं, लहान आहे तो. तुझी पोरगीच फार हळवी आहे,” असे ती म्हणाली. चहा तसाच निवून गेला. पुढचे दोन रविवार विहारात दोघींचा नुसता जयभीम झाला, त्यापलीकडे शब्द नाही.

नंतर एका रात्री कॉलनीतल्या घरी जेवताना चौदा एप्रिलच्या वर्गणीचा विषय निघाला. पती म्हणाले, “त्या वस्तीवाल्यांना कसलं वळण नाही.” दुसऱ्या दिवशी मुलगा भांडी घासायला येणाऱ्या बाईंना तेच वाक्य, त्याच सुरात म्हणाला. तेव्हा त्या आईला कळले की शब्द कुठून येतो आहे. ती संध्याकाळी वस्तीत मैत्रिणीच्या घरी गेली. दोघी पुष्कळ वेळ बोलल्या, थोड्या रडल्याही.

त्यांनी मुलाला सर्वांसमोर उभे करून माफी मागायला लावली नाही. रविवारचा चहा एकदा कॉलनीत, एकदा वस्तीत, असे ठरवले. मुले दिसतील अशाच जागी खेळतील असे ठरवले. वडिलांनी घरात तो शब्द वापरायचा नाही हेही ठरले, आणि ते सर्वांत अवघड गेले. मुलगा वस्तीतल्या घरी पहिले दोन-तीन वेळा तोंड फुगवून बसला. पुढे गल्लीतल्या मुलांबरोबर विटीदांडू खेळू लागला. आज ती दोन मुले एकमेकांची मित्र आहेत असे म्हणता येणार नाही. पण तो बोलायचा थांबला आहे आणि मुलगी पुन्हा विहारात येते. तो फ्रॉक मात्र तिने पुन्हा घातला नाही.

खरा मित्र कोण?

दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. गृहस्थाने कसे वागावे हे तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणाला त्यात सांगितले आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही बाबासाहेबांनी गृहस्थाचे नियम सांगताना सिगालाला केलेला उपदेश घेतला आहे. या सुत्तात चार प्रकारचे खोटे मित्र सांगितले आहेत. त्यातला एक तोंडपुजा असतो. तो वाईटालाही हो म्हणतो, चांगल्यालाही हो म्हणतो, समोर स्तुती करतो आणि पाठीमागे निंदा करतो. चार खरे मित्रही सांगितले आहेत. त्यातला एक हिताचे सांगणारा असतो. तो वाईटापासून आवरतो आणि चांगल्याकडे वळवतो.

आता आपल्या प्रश्नाकडे पाहावे. मैत्रिणीचे मूल चुकत आहे हे आपल्याला ठाऊक आहे. आपण तिच्यासमोर “किती गुणी आहे हो तुझा मुलगा!” म्हणतो आणि घरी येऊन नवऱ्यापाशी त्याच मुलाला नावे ठेवतो. मग या दोन मित्रांपैकी आपण कोणत्या रांगेत बसतो?

याच सुत्तात मित्रांनी एकमेकांसाठी काय करावे याचीही यादी आहे. मित्र गाफील असताना त्याला सांभाळावे, संकटात सोडू नये, आणि शेवटी, त्याच्या लेकराबाळांचा, पुढच्या पिढीचा मान राखावा. हे दोन्ही बाजूंना लागू आहे. आपल्या मुलीचा मान राखणे हे मैत्रिणीचे कर्तव्य आहे आणि तिच्या मुलाचा मान राखून बोलणे हे आपले कर्तव्य आहे.

सांगितले तर मैत्रिणीला लागेल, हे खरेच आहे. मज्झिमनिकायात राजकुमार अभय आणि तथागत यांचा संवाद आहे. अप्रिय वाटेल असे बोलावे की बोलू नये, असा प्रश्न होता. अभयाच्या मांडीवर तान्हे मूल होते. तथागतांनी विचारले, या मुलाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर तू काय करशील? अभय म्हणाला, डोके धरून बोटाने बाहेर काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मुलाबद्दल मला करुणा आहे. आपल्याला बोलायचे आहे ते या भावनेने. मैत्रिणीच्या मुलाच्या तोंडात खडा अडकला आहे. तो काढला नाही तर उद्या त्याच्याच घशाला लागणार आहे. वरचे-खालचे शिकलेले मूल मोठेपणी कोणाशीच नीट नांदू शकत नाही.

बोलावे कसे?

अंगुत्तरनिकायात चांगल्या वाणीची पाच लक्षणे दिली आहेत. ती योग्य वेळी, खरी, मृदू, हिताची आणि मैत्रीच्या चित्ताने बोललेली असावी. या कामाला ही पाच लक्षणे जशीच्या तशी उपयोगी पडतात.

योग्य वेळ म्हणजे मुले समोर नसताना, पाहुणे नसताना, दोघींना घाई नसताना. प्रसंग घडला त्याच क्षणी रागाने बोलू नये आणि सहा महिने मनात साठवूनही ठेवू नये. मोबाईलवर लिहून कळवू नये. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, ज्याच्या त्याच्या मनातला सूर त्याला लागतो. महिला मंडळाच्या किंवा बचत गटाच्या ग्रुपवर तर त्याचा उल्लेखही नको.

खरे म्हणजे डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले किंवा मुलाने स्पष्ट सांगितले तेवढेच. ‘नेहमीच’, ‘कायमच’ हे शब्द टाळावेत. “तुझा मुलगा वाईट आहे” असे म्हणू नये. “त्या रविवारी तो हे शब्द बोलला” असे म्हणावे. कृतीबद्दल बोलले तर सुधारणेला जागा राहते. मुलाबद्दल बोलले तर आई ढाल होऊन उभी राहते, आणि कोणतीही आई तशी राहणारच.

मृदू म्हणजे गुळमुळीत नव्हे. आवाज खाली असावा, शब्द मात्र नेमके असावेत. हसत हसत टोमण्याने सांगितले तर कामही होत नाही आणि ओरखडाही राहतो.

हिताचे म्हणजे जाताना काही मागणे घेऊन जावे. “आता काय करू या?” असे विचारावे आणि आपल्याकडे एक-दोन लहान उपाय असावेत. मुले बंद खोलीत न खेळता अंगणात खेळोत. काही दिवस जवळ कोणी मोठे बसो. दोघांनी मिळून करायचे काम त्यांना द्यावे, विहारातली फुले लावणे, सतरंज्या घालणे असे.

मैत्रीचे चित्त म्हणजे जुने हिशेब काढायचे नाहीत. “तू तर आता मोठी झालीस” हे वाक्य या वेळी घरीच ठेवून जावे. आणि तिच्या आधी चार जणींना सांगून मग तिच्याकडे जाऊ नये. दुसऱ्याकडून कळलेली गोष्ट तिला चुगलीच वाटेल.

एवढे करूनही मैत्रीण पहिल्याच दिवशी मान्य करील अशी अपेक्षा धरू नये. आपले मूल दुसऱ्याला दुखावते हे ऐकणे आपले मूल दुखावले गेले हे ऐकण्याइतकेच कठीण असते. तिला चार दिवस द्यावेत.

मावशीचा अधिकार

प्रसंग आपल्यासमोर घडला तर काय करावे? आपण त्या मुलाची मावशी आहोत. आपल्या घरात त्याला दटावण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि मावशीसारखे दटावण्याचे बंधनही आहे. जवळ जावे, त्याच्या उंचीला बसावे आणि एकच वाक्य सांगावे, “बाळा, आपल्याकडे कोणाला असं बोलत नाहीत. खेळायचं तर सगळ्यांनी मिळून.” व्याख्यान नको, त्याच्या आईवडिलांवर ताशेरे नकोत. हात तर उचलायचाच नाही, त्याच्यावर नाही आणि आपल्या मुलावरही नाही.

ज्या आईवडिलांच्या मुलाबद्दल तक्रार आली आहे, त्यांच्यासाठी राहुलाची गोष्ट आहे. मज्झिमनिकायातल्या एका सुत्तात तथागत आपल्या मुलाला, राहुलाला, खोटे न बोलण्याबद्दल उपदेश करतात. आपला मुलगा म्हणून त्यांनी त्याला सूट दिली नाही आणि चारचौघांत लाजवलेही नाही. त्यांनी त्याला आरशाचा दाखला दिला. आरसा पाहण्यासाठी असतो, तसेच प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावी, तिने मला किंवा दुसऱ्याला पीडा होते का हे विचारावे. सम्राट अशोकानेही बैराटच्या शिलालेखात अभ्यासावे असे जे धम्मग्रंथ सांगितले, त्यांत राहुलाला केलेल्या या उपदेशाचा उल्लेख आहे. दहा वर्षांच्या मुलाला हे तीन प्रश्न कळतात. “बोलण्याआधी तुला काय वाटलं होतं? बोलताना तिचा चेहरा कसा झाला? आता तुला काय करावंसं वाटतं?” एवढे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी.

आपल्या मुलाला काय द्यावे?

पहिली गोष्ट म्हणजे विश्वास. त्याने सांगितले ते ऐकून घ्यावे. “तूच काही तरी केलं असशील” हे पहिले वाक्य नसावे. आईला सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, हेही त्याला स्पष्ट सांगावे.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्द. “मला हे आवडत नाही. माझं नाव घेऊन बोल.” एवढे वाक्य घरात चार वेळा मोठ्याने म्हणून घ्यावे. तेवढ्याने थांबले नाही तर उठून मोठ्यांजवळ यायचे, हेही शिकवावे. मोठ्या मुलांना शिवी देणाऱ्या भारद्वाजाची कथा सांगता येईल. पाहुण्याने न घेतलेले जेवण जसे यजमानाकडेच राहते, तशी न घेतलेली शिवी देणाऱ्याकडेच राहते, असे तथागतांनी त्याला सांगितले होते. पण ही कथा सांगून मुलाला एकटे सोडू नये. तथागतांचे मन ज्या उंचीचे होते, ती उंची आठ वर्षांच्या लेकराकडून मागणे अन्याय आहे. त्याला आवरण घालणे हे मोठ्यांचेच काम आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे आपल्या घराचा अभिमान. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या मायबहिणींना जे सांगितले, त्यात मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा जागवा आणि त्यांच्यातला न्यूनगंड काढून टाका, हेही होते. आपले घर लहान का आहे, आजोबांनी काय सोसले, आई कुठले काम करते आणि त्या कामाने किती मुलांना पोषण मिळते, हे मुलाला ठाऊक असावे. मग ‘वस्तीवाली’ हा शब्द त्याला लागला तरी आत रुतणार नाही.

मैत्रिणीने ऐकलेच नाही तर

असेही होते. अशा वेळी मैत्री तोडून टाकण्याची घाई करू नये. बहिष्काराचे दुःख आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे, ते शस्त्र आपल्या माणसावर लगेच उचलू नये. मैत्रिणीला मुलांशिवाय भेटावे, विहारात, मंडळाच्या कामात, बाजाराला जाताना. मुलाला मात्र त्या घरी ओढून नेऊ नये. “तुझी माझी मैत्री आहे तशीच आहे, पण पोरांना काही दिवस लांब ठेवू,” असे मोकळेपणाने सांगावे. मुले वाढतात, बदलतात. दोन वर्षांनी चित्र वेगळे असू शकते.

मात्र मारहाण, चटके, शरीराला नको तिथे हात लावणे, मोबाईलवरून धमक्या किंवा फोटो पसरवणे, किंवा मूल ‘मला जगायचे नाही’ असे बोलू लागणे, यांतले काही घडले तर मैत्रीचा विचार बाजूला ठेवावा. मुलाला लगेच डॉक्टरकडे न्यावे. मुलांसाठी १०९८ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे, तो घरात सर्वांना पाठ असावा.

शेवटी एक बाजू राहते, ती टाळून चालणार नाही. तक्रार घेऊन उद्या कोणी आपल्याही दारात येऊ शकते. आपले मूल मातंग वस्तीतल्या मुलाला, भटक्यांच्या पालावरच्या मुलीला, मुसलमान शेजाऱ्याच्या लेकराला किंवा आपल्याच विहारात जुने कपडे घालून येणाऱ्याला काय म्हणते, हे आपण कान देऊन ऐकले आहे का? कोणी सांगायला आले तर “आमचा असा नाहीच” हे वाक्य ओठावर आले तरी आवरावे. आलेल्या भगिनीला आत बसवावे, पाणी द्यावे आणि तिचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे. ती आपल्याकडे आली, परस्पर गावभर बोलली नाही, यातच तिची मैत्री दिसते. मग त्या रात्री मुलाला जवळ घेऊन विचारावे आणि त्याआधी आपल्या जेवणाच्या ताटावर आपण मोठी माणसे काय काय बोलतो, तेही एकदा आठवून पाहावे.